सहा तारखेचा रीसेट

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी साडेनऊलाच पुण्याहून निखिलचा फोन. आमचे साहेब गोड बोलायला लागले की समजायचं, काम घाण आहे. "अरे, तुमच्या वणीकडच्या एका कोळसा खाणीत आपला गॅस नोंदवणारा बॉक्स आहे ना, तिथे सोमवारी गॅस झाला. एक माणूस गेला, एक नागपूरला दवाखान्यात आहे, त्याला काही आठवत नाही. चौकशीवाले विचारतायत की बॉक्समधली नोंद पूर्ण आहे का. यूएसबी ड्रायव्हर तुझा, तेव्हा पत्र तूच दे. एक ओळ लिहायचीय."

लिहितो म्हटलं.

दुपारी कागद आले. बॉक्स माझ्या ड्रायव्हरतर्फे, म्हणजे मी लिहिलेल्या प्रोग्रामतर्फे, दोन गोष्टी डिस्कवर लिहितो. दर दहा सेकंदांनी गॅस किती आहे ते, आणि गॅस तपासणारा सरदार फेरीला आला की त्याने कार्ड लावल्याची वेळ. गॅसची रेघ अकरा पाचपासून चढत गेलेली दिसते. कार्डाची नोंद नाही. सरदार म्हणतो, मी ११:१२ ला तिथे होतो, कार्ड लावलं, दोघांना बाहेर निघा म्हणालो आणि पुढच्या जागेवर गेलो. खाणवाले म्हणतात, हा वर चहा पीत बसला होता. निलंबित केलाय. माणूस मेलाय, म्हणजे निलंबनावर भागणार नाही, आत जाईल.

शेवटच्या पानावर सरदाराचं नाव होतं. तीनदा वाचलं.

म. आहे!

दार लावून घेतलं आणि हसलो. बराच वेळ.

१० ऑक्टो.

पूर्ण नाव लिहीत नाही, वही खराब होते. म. म्हणजे ताईचा नवरा. होता. हे सगळं मला पाठ आहे, तरी आज लिहायला मजा येतेय म्हणून लिहितो. नऊ वर्षांपूर्वी त्याने ताईला वणीच्या स्टँडवर एका पेटीसकट उतरवून दिलं. मूल होत नाही, दोष हिच्यात आहे, असं सगळ्या नातेवाइकांत आधीच सांगून ठेवलं होतं. पेटीत तिचं डी.एड.चं प्रमाणपत्र नव्हतं. विचारायला बाबा गेले तर म्हणाला, चुलीत गेलं. पुढच्या वर्षी त्याने रेखाशी लग्न केलं. बाबा नंतर दीड वर्ष होते, पण घरात बोलणं संपलं होतं त्यांचं.

ताईला आज सांगितलं. ती वालाच्या शेंगा सोलत होती.

"मेला कोन?"

"किसन नावाचा कोणी. मुकुटबनकडचा."

"वाईट झालं बिचाऱ्याचं." मग चार शेंगा सोलून झाल्यावर, "अन् हा जेलात जाईन?"

"बहुतेक."

संध्याकाळी तिने शिरा केला, भरपूर तूप घालून. सणवार काही नाही. दोघांनी पोटभर खाल्ला आणि एकमेकांकडे बघितलं नाही.

११ ऑक्टो.

पत्राचा मसुदा तयार. "सदर उपकरणातील नोंद पूर्ण व विश्वसनीय आहे." हे वाक्य मी इतक्या प्रेमाने कधीच लिहिलं नव्हतं.

जोडायला म्हणून बॉक्सचा आतला लॉग, म्हणजे बिघाडांची नोंद, मागवला. तिथे काशी झाली. सहा तारीख, ११:१२:३८, डिस्कने उत्तर दिलं नाही, ड्रायव्हरने रीसेट केलं, पुढे सुरळीत.

तेच मिनिट.

आता रीसेट म्हणजे काही गुन्हा नाही. डिस्क अडकली की ड्रायव्हर तिला हलवून पुन्हा जागी करतो आणि अर्धवट राहिलेलं लिखाण परत पाठवतो. हेच तर मी तीन वर्षं केलं. योगायोग असणार.

१३ ऑक्टो.

बॉक्समध्ये असतो तसलाच एक बोर्ड टेस्टसाठी घरी आहे, त्यावर दिवसभर डिस्क लिहायला लावली आणि मधेच रीसेट मारत राहिलो. पाचशे रीसेट. एकही नोंद हरवली नाही. टेस्ट पास झाल्याचा एवढा आनंद मला नोकरी लागल्यापासून झाला नसेल.

कोड उघडून बघितला नाही. टेस्ट पास आहे ना, मग कशाला.

१४ ऑक्टो., मंगळवार

रेखा आली. अकराच्या सुमारास, एकटी, पायात स्लीपर. आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिने नाव सांगायच्या आधी ताईला कळलं. बॉक्स बसवायला तीन वर्षांपूर्वी मीच खाणीत गेलो होतो, त्यामुळे तो कोणाचा हे तिकडे सगळ्यांना माहीत आहे.

"भाऊ, तुमी एक डाव तो डब्बा पाहा ना. ते खाली गेलते जी. देवाची शपथ घेऊन सांगतलं त्यायनं मले."

मी म्हटलं, पाहिलाय, त्यात काही नाही.

ताईने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा दिला, बशीत बिस्किटं ठेवली. सगळं रीतसर. मग समोर बसून विचारलं, "लेकरं नाही आनली संग?"

"लेकरं नाही बाई."

"किती वर्स झाले लग्नाले?"

"आठ."

"मंग तुले कवा धाडते तो मायेरी?"

मी चहाचा घोट तसाच धरून बसलो. रेखा खाली बघत होती. तशीच म्हणाली, "धाडाले मायेर नाही मले. माय बी नाही, बाप बी नाही. हे जेलात गेले का क्वार्टर बी जाते."

"हो का," ताई म्हणाली. "बिस्किट घे ना."

ती गेल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, खरं लिहायचं तर मी ते वाक्य दिवसभर मनात पुन्हा पुन्हा ऐकलं. ताई मात्र जेवली नाही. पोट भरलंय म्हणाली.

१६ ऑक्टो.

म. चा फोन. अनोळखी नंबर.

"मी बोलून राह्यलो."

"मी कोण?"

नाव घ्यायला लावलं. दोनदा, ऐकू आलं नाही म्हणून.

"बंडू, तुह्या बहिनीले म्या सोडलं, ते माहं पाप. त्याची शिक्षा दे तू मले. पन मी खाली गेलतो रे. कार्ड लावलं, टिट असा आवाज बी झाला त्या डब्ब्याचा. किसनले म्हनलं, निघा आता. त्यायनं सामान गोळा करत टाइम लावला त्याले मी काय करू?"

म्हटलं, बॉक्स खोटं बोलत नाही. तुमच्यासारखं नसतं ते.

फोन ठेवला. आवाज होतो म्हणाला, ते बरोबर आहे. नोंद डिस्कवर गेली असं ड्रायव्हरने कळवलं की मगच बॉक्स टिट वाजवतो. पण ते तर रोज पाळीत ऐकतोच तो, त्याला माहीत असणारच.

१८ ऑक्टो.

निखिल : पत्र कधी? मी : दिवाळीनंतर, टेस्टचा अहवाल जोडतो. निखिल : एवढं काय त्यात? २७ ला सकाळी अकराला चौकशीवाल्यांची बैठक आहे, त्याच्या आत पाहिजे.

बरोबर, एवढं काय त्यात. तरी पाठवलं नाही.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन

ताईने पाटावर लाल कापड घातलं आणि केरसुणी, वही, बाबांचा पेन यांच्या शेजारी माझा लॅपटॉप, टेस्टचा बोर्ड आणि त्याला लटकलेली डिस्क मांडली. "हेच तं लक्ष्मी हाये तुही." ओल्या बोटाने सगळ्यांना हळद, मग कुंकू. डिस्क जिथे बोर्डात शिरते, नेमकं त्या फटीवर एक मोठा ठिपका दाबून लावला.

"अगं तिथे नको, आत जाईल."

"वर्षातून एक डाव लावते मानूस. जाऊ दे आत, तिले बी सन हाये."

लाह्या, बत्तासे. गल्लीत लडी फुटत होत्या. बरं वाटलं.

२२ ऑक्टो., पाडवा

अहवालाला आकडे हवेत म्हणून सकाळी नुसता पुन्हा बोर्ड लावला.

डिस्क नीट धरेना. मिनिटा-दोन मिनिटांनी अडकते, रीसेट, परत चालू. कुंकू आत गेलंय, दुसरं काय. ताईच्या नावाने बोंब मारणार होतो, मग सवयीने लिहिलेलं मोजलं.

एक्केचाळीस रीसेट. तीन नोंदी गायब. आणि ड्रायव्हर म्हणतो सगळं लिहिलं गेलं.

फट पुसली, तेवढंच काम परत चालवलं. एकही गायब नाही. देवघरातून कुंकवाची कुयरी आणून स्वतः बोट ओलं करून ठिपका लावला. पुन्हा दोन गेल्या.

मग कोड उघडला. खरं तर उघडायची गरज नव्हती, कोणती ओळ ते मला अकरा तारखेलाच ठाऊक होतं. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मागे मीच नाही म्हणायला नको.

ड्रायव्हर डिस्कला प्रत्येक काम देताना त्यावर एक नंबर टाकतो. डिस्कने काम झाल्याची पोच देताना तोच नंबर परत द्यायचा. नंबर जुळला तरच झालं समजायचं. तीन वर्षांपूर्वी बाजारातल्या काही स्वस्त डिस्का चुकीचा नंबर देत होत्या आणि बॉक्स अडून बसायचा. निखिल रोज बोंबलत होता. मी नंबर जुळवायची ओळच बंद केली. शेजारी लिहिलं, "नंतर बघू." माझ्या टेस्टमधले रीसेट मी सॉफ्टवेअरने मारत होतो, एकदम स्वच्छ. इथे डिस्क कामाच्या मधेच अर्धवट सुटते, रीसेट होते, आणि आधीच्या कामाची पोच वाटेत तशीच पडून राहते. ड्रायव्हर तीच उचलतो आणि नव्या कामाची समजतो. वर कळवतो, झालं. बॉक्स टिट वाजवतो. डिस्कवर काही नसतं.

म. ला ऐकू आलेला टिट खरा असू शकतो.

चूक माझी निघाली याचं दुःख कमी होतं. तो सुटेल याचंच जास्त होतं.

२३ ऑक्टो., भाऊबीज

खाण कार्यालयातल्या ओळखीच्या माणसाकडे बॉक्सचे फोटो मागितले होते, ते सकाळी आले. खंडेनवमीचा एक आहे. बत्तीघरात, कामगारांचे दिवे ठेवतात तिथे, चादर पसरून त्यावर ओळीने टोप्या, दिवे, पट्टे आणि मधोमध माझा बॉक्स. स्वच्छ पुसून वर आणलेला, झाकण उघडं, झेंडूची माळ. कुंकू लावणाऱ्या माणसाचा फक्त हात दिसतो, मनगटापर्यंत. मनगटावर बाबांनी म. ला लग्नात दिलेलं घड्याळ आहे. बोट डिस्कच्या फटीवर.

म्हणजे स्वतःच्या हाताने भरलं त्याने आत कुंकू. पाच दिवसांनी गॅस झाला. हसू यायला हवं होतं, आलं नाही.

दुपारी ताईने ओवाळलं. ताम्हन खाली ठेवलं नाही तोच म्हणाली, "दोन दिवसापासून तू जेवून नाही राह्यला. काय हाये ते सांग."

सांगितलं सगळं. तिने लावलेल्या कुंकवासकट. मला वाटलं रडेल. ती ताम्हनातली सुपारी सरळ करत राहिली.

"म्हंजे तो गेलता खाली."

"ते नाही सिद्ध होत. नोंद हरवू शकते, एवढंच सिद्ध होतं. गेला होता का ते कोणालाच कधी कळणार नाही."

"पन कागद दिला तं सुटन?"

"संशयाचा फायदा मिळेल. बहुतेक सुटेल."

"अन् तुही नोकरी?"

"ती जाईल. ओळ मी बंद केलेली आहे. किसनच्या घरचे माझ्या दारात येतील ते वेगळंच."

तिने ताम्हन बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "ओवाळणी काय देतं मले?"

"माग."

"खरं लिही."

म्हटलं, दया आली का त्याची? तेव्हा तिने जे सांगितलं ते शब्द न् शब्द लिहितो. "दया नाही आली मले. जेलात गेला तं मोकळा होईन तो, दोन वक्त जेवन, चार लोकाइत रडगानं. मले तसा नाही पाह्यजे. तो कागद मी माह्या हातानं नेऊन देतो त्याले. सुटला तं माह्यानं सुटला पाह्यजे. रोज सकाळी उठून त्याले आठवलं पाह्यजे, का आपुन कोनाच्या उपकारानं चहा पिऊन राह्यलो."

तिच्याकडे बघून मला भीती वाटली. आणि अभिमान पण वाटला, हेही खोटं नाही.

२५ ऑक्टो.

पत्र लिहिलं. दीड पान. "रीसेटनंतर नोंद नष्ट होऊनही ती लिहिली गेल्याचे उपकरण कळवू शकते. ६ ऑक्टोबरची नोंद पूर्ण मानता येणार नाही. दोष ड्रायव्हरमधील असून तो बदल मी केलेला आहे."

निखिलला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "वेडा झालास का? कुंकू लावून टेस्ट केलीस? हे कोणाला सांगू मी?" मग गोड आवाजात, "असं लिही ना, तपासणीत दोष आढळला नाही. तुझी पहिली टेस्ट पासच आहे. खोटं कुठे आहे त्यात? ओळ तू गुपचूप दुरुस्त कर, पुढच्या अपडेटमध्ये टाकू."

खोटं नाहीच त्यात. पाचशे रीसेट, सगळे पास.

"तो सरदार तुझा कोण लागतो?"

"कोणी नाही."

आता माझ्याकडे दोन पत्रं आहेत. एकात म. आत जातो आणि माझी नोकरी राहते. ही तर लॉटरी म्हणायची. नऊ वर्षांपूर्वी कोणी देऊ केली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

२६ ऑक्टो., रविवार

ताईने पेटीतली निळी साडी काढून इस्त्री केली. पत्राची प्रत मागितली, सही नसलेली दिली. उद्या सकाळी जाते म्हणाली.

"आधी मला ईमेल तर पाठवू दे."

"तू थांब. मी येवोस्तर धाडू नोको. त्याच्या तोंडून आयकून घेतो, मंग धाड."

"काय ऐकून घेतेस?"

तिने प्रत पिशवीत ठेवली.

२७ ऑक्टो., सोमवार

आठ वाजता ऑटोने गेली. मी साडेआठपासून लॅपटॉपसमोर. दोन्ही पत्रांवर सही करून ठेवली. साडेनऊला निखिलचा मेसेज, वाट बघतोय.

दहा वीसला ती परत आली. पाय धुतले, पाणी प्यायली, माझ्यासमोर बसली. पत्राची प्रत तिच्या हातातच होती.

"दिलं नाहीस?"

"दाखोलं. त्यानं वाचलं अन् माह्या पायावर डोकं ठेवलं. अख्खा आडवा झाला. रेखा सैपाकघराच्या दारात उभी होती." तिने पाय साडीखाली घेतले. "मले वाटलं होतं का बरं वाटन. काहीच नाही वाटलं रे. पाय वढून घेतला म्या."

"मग?"

"मंग इचारलं, खरं सांग, त्या सोमवारी गेलता का खाली? माह्या डोयात पाहून म्हने, गेलतो. म्या म्हनलं बरं. दुसरं इचारलं, तवा तपासाले गेलता का तू? यवतमाळले? माह्यात दोष हाये म्हनून गावभर सांगलं, तुही तपासनी केलती का? तसाच डोयात पाहून म्हने, गेलतो, रिपोट चांगला आलता." तिने प्रतीची घडी घातली, पुन्हा उघडली. "अन् मांगून रेखा म्हने, नाही गेले ते. कवाच नाही गेले. मलेबी असंच सांगतात."

मी तिच्या हातातली प्रत घेऊन टेबलावर ठेवली.

"दोन्ही डाव एकसारखंच बोलला, बंडू. एक खोटं हाये ते आता कळलं. पन दुसरं खरं असलं तरी तो तसाच बोलन ना."

"मग कोणतं पाठवू?"

"मले नोको इचारू," ती म्हणाली. "ओवाळणी वापस घे तुही."

उठून आत गेली. साडी न बदलताच कणीक मळायला बसली आहे, परातीचा आवाज येतोय. दोन्ही पत्रं समोर उघडी आहेत. निखिलचा फोन वाजून बंद झाला, आता परत वाजतोय. अकराला सात कमी.